मंदाताईंची ओळखपरेड

मंदाताई जाधव यांना मी पहिल्यांदा पाहिले ते पाठमोरे. फणसवाडीतल्या त्यांच्या कचेरीत मी गेलो तेव्हा पाच-सहा माणसे भिंतीवरच्या पडद्याकडे तोंड करून बसली होती आणि ताई सर्वांच्या पुढे उभ्या होत्या. दाराशी कोणी आल्याचे त्यांना चपलांच्या आवाजावरून कळले असावे. मागे न वळता त्या म्हणाल्या, "या, बसा. ही कधीची?"

पडद्यावर एक वेबसाइट होती. तिचे नाव आणि बोधचिन्ह कागदाची पट्टी चिकटवून झाकले होते. मला काहीच कळले नाही, पण विचारले आहे तर उत्तर द्यावे म्हणून म्हणालो, "बँकेची असावी."

"कोणाची नाही विचारलं. कधीची विचारलं."

सगळे हसले. ताई वळल्या आणि मला पाहून म्हणाल्या, "अरेच्चा, तुम्ही बाहेरचे! मला वाटलं आमच्यातलंच कोणी उशिरा आलंय." मग त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, मी कशासाठी आलो ते विचारून घेतले. चालू काम मात्र थांबवले नाही. "दहा मिनिटं बसा. ओळखपरेड संपवते आणि तुमचं बघते."

मी आलो होतो पत्नीच्या सांगण्यावरून. परळला बाहेरगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी एक लहानसा निवास आहे, एक विश्वस्त मंडळ तो चालवते. माझी पत्नी शैला शाळेतून निवृत्त झाल्यावर तिथे फोनवर बसत असे. निवासाची वेबसाइट काही दिवसांपासून उघडत नव्हती. "मी फोन सोडून उठू शकत नाही, तुम्ही जाऊन या," असे तिने सांगितले आणि मी गिरगावातच राहत असल्यामुळे चालत गेलो. ताईंनी दुसऱ्या दिवशी साइट सुरू करून दिली. त्यानंतर मी त्या कचेरीत जात राहिलो, तो आजपर्यंत. मंदाताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात मी लिहावे असे संपादकांनी सुचवले, त्याला कारण एवढेच. मला लेखनाची सवय नाही. जे पाहिले ते सांगतो.

ताईंचा जन्म लालबागच्या चाळीतला. वडील गिरणीत साचेखात्यात मागावर होते. गिरणी बंद पडल्यावर घर चालवण्यासाठी ताई गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायला लागल्या. खिळ्यांच्या जागी संगणक आला तेव्हा त्या संगणकावर बसल्या. छपाईची कामे आटू लागली तेव्हा त्यांनी वेबसाइट करायला सुरुवात केली. ही सुरुवात कशी झाली असे विचारले की त्या म्हणतात, "काय कशी? मालक म्हणाला, मंदा, हे नवीन काहीतरी आलंय, बघ. बघितलं." एका मंगल कार्यालयाची, एका होमिओपॅथ डॉक्टरांची आणि दादरच्या एका कोकणी मालाच्या दुकानाची अशा त्यांच्या पहिल्या साइट. आज त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे मोठमोठ्या कंपन्यांत आहेत. परळच्या बुद्धविहाराच्या सभागृहात त्या आजही रविवारी सकाळी वर्ग घेतात.

ओळखपरेड हा शब्द ताईंचाच. पोलीस जसे संशयितांना एका ओळीत उभे करतात तशा त्या दर गुरुवारी चार-पाच वेबसाइट समोर आणतात, नावे झाकतात आणि विचारतात, ही कोणत्या पिढीची, आणि कशावरून? मी गेलो त्या दिवशी पहिल्या पिढीची होती. सरकणाऱ्या ओळी, लुकलुकणारे तारे, तळाशी 'आपण अमुक क्रमांकाचे पाहुणे' असा आकडा. त्यानंतरच्या पिढीची लक्षणे वेगळी. काचेसारखी चकचकीत बटणे, नावाखाली पाण्यात पडावे तसे नावाचेच प्रतिबिंब, कोपऱ्यात 'चाचणी आवृत्ती' असे लिहिलेला तारा. ती साइट वर्षानुवर्षे चाचणीतच राही. आणि हल्लीची नवी पिढी तर आपण सर्व रोज पाहतो. उघडताच पडदाभर एकच चित्र किंवा चित्रफीत. त्यावर एकच वाक्य, तेही असे की साबण विकणाऱ्यालाही चालेल आणि शाळा चालवणाऱ्यालाही. भरपूर मोकळी जागा. गोल कडांच्या चौकटी. जांभळ्यातून निळ्यात विरघळणारा रंग. 'आमच्याबद्दल' जाऊन 'आमची गोष्ट'. उजव्या कोपऱ्यात 'मी तुमची मदत करू का?' म्हणत उगवणारा गोळा. आणि फोन नंबर? तो शोधा.

या लक्षणांना ताईंनी घरगुती नावे दिली आहेत. पडदाभर चित्राला त्या 'दर्शनी पडदा' म्हणतात, कोपऱ्यातल्या गोळ्याला 'आगंतुक' आणि कुकीज स्वीकारा म्हणून आडव्या येणाऱ्या पट्टीला 'नाकाबंदी'. यंत्राकडून लिहून घेतलेला गुळगुळीत मजकूर दिसला की त्या फक्त "तूप" एवढेच म्हणतात. नवीन माणसाला ही थट्टा वाटते. पण लक्षण ओळखून परेड संपत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला, "हे कोणाच्या सोयीसाठी आलं?" गोल आणि मोठे बटण बोटाच्या सोयीसाठी आले, कारण लोक फोन अंगठ्याने चालवू लागले. मोकळी जागा दमलेल्या डोळ्यांसाठी आली. फोन नंबर लपला तो कंपनीच्या सोयीसाठी, कारण फोन उचलायला माणूस ठेवावा लागतो. ज्याला हे उत्तर देता येत नाही त्याला ताई म्हणतात, "तू फॅशन ओळखलीस, साइट नाही ओळखलीस."

त्या नव्याच्या विरोधात आहेत असा गैरसमज काहींचा आहे, तो खरा नाही. दादरला साड्यांचे दुकान असलेले एक गृहस्थ एकदा आले. त्यांना "त्या हल्लीच्यांसारखी" साइट हवी होती. ताईंनी सगळी लक्षणे मोजून दाखवली. गृहस्थ म्हणाले, "बाई, हेच सगळं पाहिजे. एक पण कमी नको." कचेरीतल्यांना वाटले ताई आता समजूत घालणार. ताईंनी विचारले, "गिऱ्हाईक कोण तुमचं?" ते म्हणाले, नोकरी करणाऱ्या मुली, रात्री फोनवर साड्या बघतात. ताई म्हणाल्या, "मग बरोबर आहे तुमचं." आणि दर्शनी पडद्यासकट सगळे करून दिले. ते दुकान आजही त्यांचे गिऱ्हाईक आहे.

त्यांचा अंदाज चुकतच नाही असेही नाही. कोपऱ्यातला आगंतुक वर्षभरात नाहीसा होईल, पाहुण्यांचा आकडा गेला तसा, असे त्या ठामपणे म्हणाल्या होत्या. तो गेला नाहीच, उलट आता तो बोलू लागला आहे. कोणी आठवण करून दिली तर त्या म्हणतात, "चुकलंच की माझं. चहा पाज."

शैलाला जाऊन आता दोन वर्षे झाली. त्या दिवसांत ताई घरी आल्या, तासभर बसल्या आणि सांत्वनाचे काही न बोलता गेल्या. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. "राऊतसाहेब, गुरुवारी या. आमच्याकडे मजकूर तपासायला माणूस नाहीये." मी वयाने त्यांच्याहून मोठा आणि विमा कंपनीत कारकून होतो म्हणून मला त्या साहेब म्हणतात. मी म्हटले, मला यातले काही येत नाही. त्या म्हणाल्या, "मराठी वाचता येतं ना? जिथं कळलं नाही तिथं बोट ठेवायचं. एवढंच काम." अशा माणसाची त्यांना खरोखर गरज होती की नाही, हे मी कधी विचारले नाही. दर गुरुवारी मला घराबाहेर पडायला कारण मिळाले.

आता ज्या प्रसंगामुळे मी हा लेख लिहायचे कबूल केले तो सांगतो.

गेल्या वर्षी निवासाच्या विश्वस्तांनी वेबसाइट नवी करायचे ठरवले. नचिकेत हा विश्वस्तांतला सर्वांत तरुण, लोअर परळला नोकरीला, कामाला वाघ. सभेला मलाही बोलावले होते. तिथे तो म्हणाला, "काका, आपली साइट बघून लोकांना वाटतं संस्था बंद पडलीये." त्यात तथ्य होते. त्याने दोन-चार परदेशी संस्थांच्या साइट दाखवल्या. सर्वांना आवडल्या. मग थोडा थांबून तो म्हणाला, "पहिल्या पानावर शैलाकाकूंचा फोटो ठेवू या का? मोठा. फोन कानाला लावून हसताहेत तो. आणि खाली त्यांची गोष्ट." सभेत सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी हो म्हणालो. घरी जाऊन मीच तो फोटो शोधून दिला. ती गोष्ट म्हणून दहा ओळी लिहिल्या, त्याही मीच.

काम ताईंकडेच आले. त्यांनी फोटो पाहिला आणि त्या म्हणाल्या, "फोटो छान आहे." आणि कामाला लागल्या. साइट तयार झाली. खरोखर सुंदर झाली होती. पडदाभर शैला, तिच्या मागे निवासाची खिडकी, आणि एकच वाक्य. गुरुवारी ती परेडीत आली. एरवी सगळे भराभर बोलतात, त्या दिवशी कोणी तोंड उघडेना. ताई म्हणाल्या, "लक्षणं सांगा. राऊतसाहेब बसलेत म्हणून गप्प बसायचं नाही." तेव्हा मीच म्हणालो, "दर्शनी पडदा. एक वाक्य. आमची गोष्ट. गोल कडा." ताईंनी मान हलवली. "आणि कोणाच्या सोयीसाठी?" उत्तराची वाट न पाहता त्यांनी पुढची साइट लावली.

ताईंची आणखी एक पद्धत आहे. कोणतीही साइट लोकांसाठी खुली करण्याआधी त्या ती जिथे वापरली जाणार त्या जागी घेऊन जातात. अनोळखी माणसाच्या हातात फोन द्यायचा, काय शोधायचे ते एकदा सांगायचे आणि गप्प उभे राहायचे. ज्याने साइट केली त्याने तोंड उघडायचे नाही, बोट दाखवायचे नाही. घरमालकाने बाहेर उभे राहून पाहुण्याला आपले आपण दार सापडते का ते पाहावे, तसे हे आहे. त्या मला म्हणाल्या, "उद्या परळला जातोय. तुम्ही नाही आलात तरी चालेल." मी गेलो. नचिकेतही आपल्या कचेरीतून अर्धा दिवस सुट्टी काढून आला.

रुग्णालयाच्या समोरच्या फुटपाथवर माणसे नेहमीसारखी बसली होती. चादर अंथरून एक बाई बसल्या होत्या, चाळिशीच्या आसपासच्या, शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत एक्सरे. हिंगोलीकडच्या होत्या. नवऱ्याला आदल्या दिवशी भरती केले होते. ताई त्यांच्याशेजारी फुटपाथवरच बसल्या, विचारपूस केली आणि फोन हातात दिला. "यात राहायच्या सोयीचं आहे म्हणतात. सापडतं का बघा बरं. नाही सापडलं तर नाही म्हणा, तुमची चूक नाही त्यात."

बाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. पडद्यावर शैला होती. बाई पाहत राहिल्या. बोट लावेनात. आम्ही उभेच. बऱ्याच वेळाने त्या ताईंना म्हणाल्या, "जाहिरात संपंना की ओ."

नचिकेत बाईंना म्हणाला, "अहो ताई, खाली..." मंदाताईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. तो थांबला.

मग बाईंचे बोट लागले आणि चित्र वर सरकले. खाली मी लिहिलेल्या दहा ओळी होत्या. त्या त्यांनी अक्षर लावत मोठ्याने वाचल्या. शेवटच्या ओळीत शैला आता आपल्यात नाही असे मी लिहिले होते. तिथवर आल्यावर त्यांनी फोन परत केला.

"बाई वारल्या व्हय? लई वाईट झालं. मंग बंद झालं असंल ते आता. दुसरं कुठलं असंल तर दावा."

ताईंनी माझ्याकडे पाहिले नाही. त्या बाईंना म्हणाल्या, "बंद नाही झालं. चला, दाखवते." आणि त्यांची पिशवी उचलून चालू लागल्या. निवासात त्या संध्याकाळी एक खाट रिकामी होती. बाईंची सोय झाली. दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहायची जागा असताना त्यांनी आदली रात्र फुटपाथवर काढली होती, आणि आमच्या साइटवर विसंबल्या असत्या तर ती रात्रही तिथेच गेली असती.

परत येताना आम्ही तिघे टपरीवर चहाला थांबलो. नचिकेत फार खजील झाला होता. "काका, सॉरी. आयडिया माझी होती." मी म्हटले, "गोष्ट मी लिहिली होती." मग ताईंना म्हणालो, "फोटो काढून टाका."

ताईंनी हातातला चहा संपवला. मग विचारले, "शैलाताई फोन उचलल्यावर पहिलं काय विचारायच्या?"

मला हा प्रश्न अनपेक्षित होता, पण उत्तर येत होते. शेवटच्या वर्षात ती घरूनच फोन घेत असे आणि मी त्याच खोलीत असे. मी सांगितले, "ती नाव नाही विचारायची. पहिलं विचारायची, पेशंट कुठाय? दाखल झालाय की तुमच्याजवळ आहे?"

"मग?"

"मग, बरोबर कोण आहे. मग, आज रात्री झोपायला जागा आहे का. मग, जेवलात का."

"आणि नाव?"

"नाव सगळ्यात शेवटी. म्हणायची, आधी नाव-गाव विचारलं की माणूस घाबरतो, सरकारी काम वाटतं त्याला."

नचिकेत म्हणाला, "हे मला माहीतच नव्हतं."

"कसं असणार," ताई म्हणाल्या. "तू त्यांना कधी मदत मागायला फोन केला नाहीस." त्यात टोमणा नव्हता, पण नचिकेत हसला आणि आम्हीही हसलो.

पुढच्या आठवड्यात साइट पुन्हा तयार झाली. उघडताच वर मोठ्या आकड्यांत फोन नंबर. त्याखाली चार प्रश्न, शैलाच्या क्रमाने, तिच्याच शब्दांत. पेशंट कुठाय? बरोबर कोण आहे? आज रात्री झोपायला जागा आहे का? जेवलात का? प्रत्येक प्रश्नावर बोट ठेवले की पुढे काय करायचे ते दोन ओळींत. गोल कडा आणि मोकळी जागा ताईंनी ठेवली, कारण त्यांचा उपयोग होता. फोटो नाही, गोष्ट नाही. साइट खुली करण्याआधी ताई घरी आल्या आणि फोन माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "तुम्हाला नको वाटलं तर अजून बदलता येईल. विश्वस्तांना मी सांगेन." मी वाचले. शैलाचे नाव त्यात कुठेच नव्हते. मी म्हटले, राहू द्या असेच.

याच माणसाला मी साठीच्या शुभेच्छा देत आहे. त्यांनी मला उपदेश केला नाही. माझे दुःख चुकीच्या जागी ठेवले गेले आहे हे त्यांना पहिल्या दिवशीच दिसले असणार, कारण त्यांचा तो धंदाच आहे. पण ते मला माझ्या डोळ्यांनी दिसेपर्यंत त्या थांबल्या आणि दिसल्यावर मला एकटे सोडले नाही.

आता आठवड्यातून दोन दुपारी निवासाच्या फोनवर मी बसतो. मागच्या सोमवारी सांगलीकडच्या एका गृहस्थांचा फोन आला. मी हॅलो म्हणताच ते बोलू लागले, "नमस्कार. पेशंट दाखल झालाय, वॉर्डात आहे. बरोबर मी आणि आई. रात्रीची सोय नाही अजून. जेवण झालंय, आईचं नाही झालं." त्यांनी साइट वाचून फोन केला होता. मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. जागा आहे, या, असे मी त्यांना सांगितले. नाव विचारायचे राहिले, ते त्यांनी आल्यावर सांगितले.

जाता जाता एक तक्रार. ताईंना मोतीबिंदू झाला आहे. डॉक्टरांनी ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितले, त्यावर ताई "हातातलं काम संपलं की बघू" म्हणाल्या. त्यांच्या हातातले काम संपणार नाही, हे आम्हा सर्वांना माहीत आहे. तेव्हा ताई, या अंकाच्या निमित्ताने आपल्या सगळ्या शिष्यांच्या वतीने विनंती करतो, तारीख घ्या. दवाखान्यात मी सोबत येतो, रांगेत मी उभा राहतो. नव्या नव्या साइट येत राहतील आणि फुटपाथवरच्या माणसाला त्या कशा दिसतात हे पाहायला आपले डोळे अजून पुष्कळ वर्षे लागणार आहेत. ते स्वच्छ राहोत, आपल्याला उत्तम आरोग्य आणि भरपूर आयुष्य मिळो.